उलार गाडी आणि बार्शीचं इंजिन

 

आज टेबलावर एक इंजिन ठेवलं आहे. लांबी दीड फुटाच्या आसपास, वजन सव्वाचार किलोच्या थोडं वर. खरोखरच्या वाफेवर चालतं. पोटात ब्यूटेन गॅसची छोटी शेगडी आहे, बॉयलरमध्ये कपभर पाणी मावतं. व्याख्यान संपल्यावर ते चालवून दाखवू. लहान मुलं आत्तापासूनच पुढे सरकायला लागली आहेत, त्यांनी थोडा धीर धरावा.

मात्र आज इथे यायचं खरं कारण इंजिन दाखवणं हे नाही. एक वाक्य मागे घ्यायचं आहे. गेल्या वर्षी याच मालेत बोलताना आम्ही म्हणालो होतो, की आपल्याकडच्या छोट्या रेल्वे म्हणजे इंग्लंडच्या अंगावरून उतरलेले कपडे. तिकडे वापरून झाले, मग इकडे पाठवले. टाळ्या पडल्या होत्या. वाक्य ऐकायला चांगलं होतं. फक्त ते तपासलेलं नव्हतं. तर्कशास्त्र चाळीसेक वर्षं शिकवलेल्या माणसाने असं करावं, याची लाज वाटते. हे वाक्य चुकीचं आहे हे आम्हाला कोणत्या ग्रंथाने शिकवलं नाही. या खेळण्याने शिकवलं. ते कसं, हीच आजची गोष्ट.

आणखी एक खुलासा. आमच्या बोलण्यातलं ‘आम्ही’ हे मोठेपणाचं नाही. या कामात खरोखरच पाच-सहा जण होते: एक निवृत्त चित्रकला शिक्षक, आर्वीचे एक लेथवाले, गावातले एक सराफ, नववीत शिकणारी दोन मुलं आणि हातात पान्हा नीट धरता न येणारे आम्ही. तेव्हा आम्ही म्हणजे सगळेच.

आर्वीची गाडी

सुरुवात घराजवळून करू. इथल्या सत्तरीपुढच्या प्रत्येकाला पुलगाव–आर्वी गाडी आठवते. ३५ किलोमीटरचा मार्ग, १९१७ साली सुरू झालेला. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. विरूळ, रोहणा अशी गावं वाटेत घेत गाडी आर्वीला पोचायची. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. ही कंपनी १९१० मध्ये मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीने उभी केली. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ याच कंपनीची. शकुंतलेचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं; १५ एप्रिल १९९४ ला त्याला सुट्टी मिळाली आणि डिझेल इंजिन आलं.

या गाड्या कशासाठी आल्या? उत्तर एका शब्दात आहे: कापूस. आर्वी, यवतमाळ, अचलपूर, सगळा पांढऱ्या सोन्याचा मुलूख. जिनिंगमधून निघालेल्या गाठी मोठ्या लाइनपर्यंत न्यायच्या, तिथून मुंबई, तिथून आगबोट. माणसं बसली ती नंतरची सोय. आष्टीपर्यंत मात्र रूळ आले नाहीत. आपल्या वडीलधाऱ्यांनी आर्वीपर्यंत बैलगाडी जुंपली आणि तिथून पुढे गाडी धरली. ही बैलगाडी ध्यानात ठेवा. पुढे ती परत येणार आहे.

इंजिन करायचं ठरलं तेव्हा मुलांचा पहिला प्रश्न होता, “सर, आर्वीचंच का नाही?” प्रश्न बरोबर होता. आमचं म्हणणं असं, की अडीच फुटांच्या रुळांवर जड माल नेता येतो हे ज्या गाडीने आपल्या मुलखात सिद्ध करून दाखवलं, तिच्यापर्यंत आधी जाऊ. ती गाडी आर्वीच्या वीस वर्षं आधी धावली, बार्शीला. आमची नोकरीतली बरीच वर्षं त्याच भागात गेली, हेही कारण होतंच. ते लपवण्यात अर्थ नाही.

अडीच फुटांचं माप बार्शीने शोधलं असं मात्र समजू नका. त्याचा मान बडोद्याच्या गायकवाडांकडे जातो. १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अशी आठ मैलांची लाइन खंडेराव गायकवाडांच्या राज्यात टाकली गेली. रूळ लोखंडाचे आणि डबे ओढायला बैल! इंजिनं तिथे १८७३ मध्ये आली. म्हणजे आपल्या छोट्या रेल्वेची सुरुवातच बैलांनी केली आहे.

पाच टनांचा हट्ट

आता बार्शी. एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जी.आय.पी. रेल्वेत नोकरीला आला. जन्म १८५७ चा, म्हणजे ऐन पंचविशीत. माणूस छांदिष्ट. अरबी घोडे पाळायचा, घोड्याला मित्रासारखं कसं वागवावं यावर त्याने पुस्तक लिहिलं. पुढे त्याचे स्नेही चार्ल्स रोल्स, हो, रोल्स-रॉइसमधले रोल्स, १९१० मध्ये विमान कोसळून गेले, तेव्हा त्याने वैमानिकांसाठी पॅराशूट तयार करायचं मनावर घेतलं. त्याचं नाव ठेवलं ‘गार्डियन एंजल’. रेल्वे, घोडा आणि पॅराशूट. तिन्हींत एकच चिंता दिसते, की भार कोणाच्या अंगावर किती पडतो.

जी.आय.पी.ची मोठी लाइन बार्शी गावापासून लांब गेली होती. स्टेशनाचं नाव ‘बार्शी रोड’. आज आपण त्याला कुर्डुवाडी म्हणतो. गाव आणि स्टेशन यांच्यामध्ये सुमारे ३५ किलोमीटर. गंमत बघा, पुलगाव ते आर्वीही तेवढंच. बार्शी ही कापसाची, धान्याची मोठी पेठ. सगळा माल बैलगाड्यांनी स्टेशनापर्यंत जायचा. इथे हलकी रेल्वे टाकावी असं कॅलथ्रॉपने मांडलं. परवानग्या, भांडवल, रुळांच्या मापावरून वाद, यात वर्षं गेली. १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये गाडी धावली.

त्याचा मुख्य विचार काय होता? नेहमीच्या रेल्वेत इंजिन जड असतं आणि वॅगन त्या मानाने हलक्या. रूळ मात्र सगळ्यात जड चाकाच्या हिशेबानेच टाकावे लागतात. म्हणजे एका इंजिनासाठी अख्खी वाट महाग होते. पूल महाग, रूळ महाग, भराव महाग. आणि मग हिशेब येतो, की या तालुक्याला रेल्वे परवडत नाही.

कॅलथ्रॉपने उलटं केलं. तो म्हणाला, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. इंजिनाचा आस असो की वॅगनचा, माप एकच. मग रूळ यार्डाला फक्त ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलोचा पुरतो. मोठ्या लाइनच्या रुळाच्या निम्म्याहूनही हलका. वॅगनला चार आस दिले की भरलेली वॅगन वीस टनांपर्यंत जाऊ शकते. वॅगनच्या चौकटी दाबून घडवलेल्या पोलादाच्या केल्या, त्यामुळे तिचं स्वतःचं वजन कमी आणि मालाला जागा जास्त. अरुंद रूळ म्हणजे खेळण्यातली गाडी, ही समजूत त्याने मोडली.

इंजिनाला हे कसं साधायचं? जड बॉयलर, पाण्याच्या टाक्या, कोळसा, हे सगळं सहा आसांवर वाटायचं. सहा पंचे तीस. इंजिन तीस टनांच्या आत बसलं पाहिजे आणि तो भार सहाही आसांवर जवळपास सारखा पडला पाहिजे. लीड्सच्या किटसन कंपनीने अशी इंजिनं बनवली: पुढे आठ जोडलेली चाकं, जी वाफेच्या जोरावर फिरतात, आणि मागे भार पेलणारी चार. पुढे वाट दाखवणारी मोकळी चाकं नाहीत. रेल्वेच्या भाषेत याला ०-८-४ म्हणतात. हाच बार्शीचा ‘अ’ वर्ग. भारतात येण्याआधी या साहित्याच्या चाचण्या लीड्सजवळ न्यूले इथे झाल्या.

पुढे ही लाइन वाढत गेली. १९०६ मध्ये पंढरपूर. आता वारकरी गाडीत बसू लागले, म्हणजे कापसाच्या लाइनला विठोबाने प्रवासी दिले. १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती ताब्यात घेतली. एकविसाव्या शतकात तिचं ब्रॉडगेज झालं. कुर्डुवाडीचा कारखाना मात्र अजून आहे.

नातवाकडून आजोबाकडे

आता टेबलावरच्या इंजिनाकडे येऊ. हे मुळात बार्शीचं नाही. आमच्या इंग्लंडमधल्या भाच्याने ते वापरलेलं विकत घेऊन पाठवलं. तिकडे स्टॅफर्डशायर नावाच्या परगण्यात ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ नावाची छोटी रेल्वे होती. २७ जून १९०४ ला सुरू झाली आणि १२ मार्च १९३४ ला बंद पडली. दुधाचे कॅन आणि सहलीची माणसं वाहायची. आज त्या वाटेवर लोक सायकली चालवतात. त्या रेल्वेकडे दोनच इंजिनं होती. एकाचं नाव ‘जे. बी. अर्ल’, दुसऱ्याचं ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. आमच्याकडे आलं ते दुसऱ्याचं रूप.

हो, तोच कॅलथ्रॉप. बार्शीच्या यशानंतर त्याला तिकडे सल्लागार म्हणून बोलावलं. रुळांचं माप अडीच फूट, कारखाना पुन्हा किटसनचाच. आणि त्या इंजिनांच्या कपाळावर भलामोठा दिवा होता. स्टॅफर्डशायरच्या दरीत असा दिवा कशाला, असं तिकडच्या लोकांना वाटायचं. बघणारे म्हणायचे, ही इंजिनं वसाहतीतली दिसतात. दिसणारच ना! ती बार्शीची नातवंडं होती.

इथे आमच्या डोक्यात पहिल्यांदा ठिणगी पडली. १८९७ आधी की १९०४ आधी? उतरलेले कपडे नक्की कोणाचे?

चित्रकला शिक्षकांनी फळ्यावर दोन्ही इंजिनांची चाकं काढली. इंग्लंडचं २-६-४: पुढे दोन मोकळी, मध्ये सहा जोडलेली, मागे चार. बार्शीचं ०-८-४. नववीतल्या मुलीने लगेच बेरीज केली: “सर, दोन्हीकडे बाराच.” बारा चाकं, सहा आस. फरक एवढाच, की इंग्लंडमध्ये पुढचा आस मोकळा सोडून त्याला वळणावर वाट दाखवायचं काम दिलं. बार्शीत तोच आस कामाला जुंपला होता.

मग काम सुरू झालं. पहिला नियम लेथवाल्यांनी घातला: बॉयलरला हात लावायचा नाही. दाबाखालचं भांडं आहे, त्याला एकही नवीन भोक नको. बाकी सगळं उकलायला मोकळीक. पुण्याच्या कोथरूडमध्ये जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली लोकांसाठी उघडलेलं. तिथे आम्ही तासन्‌तास उभे राहिलो होतो. छोटी वस्तू करताना मोठ्या वस्तूपेक्षा जास्त शिस्त लागते, हे तिथे बघून समजलं होतं. समजणं वेगळं आणि हाताने करणं वेगळं, ते इथे कळलं.

प्रमाण एकास एकोणीस. खऱ्या इंजिनाचे एकोणीस इंच म्हणजे आपला एक इंच. या हिशेबाने ७६२ मिलिमीटरचे रूळ ४० मिलिमीटरचे व्हायला हवेत. बाजारात रूळ मिळतात ते ३२ किंवा ४५ चे. आम्ही ४५ चे घेतले. म्हणजे हे इंजिन पहिल्याच पायरीवर पाच मिलिमीटर खोटं आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण इतिहास सांगणाऱ्याने आपलं खोटं आधी मोजून ठेवावं. न मोजलेलं खोटं पुढे खरं म्हणून चालू लागतं.

पुढची मोकळी चाकं काढली. बाजूच्या दोन्ही पट्ट्या नव्या कापल्या, तीन मिलिमीटर जाडीच्या. चौथ्या जोडलेल्या आसासाठी नवी जागा कोरली. चाकं जोडणारा दांडा लांब केला. आता आठ चाकं एका ताठ चौकटीत बसवली की वळणावर ती अडणारच, म्हणून आसाला डावी-उजवीकडे सरकायला दीड मिलिमीटरची मोकळीक ठेवली. हे लिहायला एक परिच्छेद लागतो. करायला सव्वा वर्ष लागलं. एक दांडा तर चारदा फेकून दिला.

शेवटी बाजूची पितळी नावाची पाटी काढली. ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. कॅलथ्रॉपच्या पहिल्या इंजिनापर्यंत पोचायला कॅलथ्रॉपचं नाव उतरवावं लागलं. पाटी आम्ही सांभाळून ठेवली.

उलार

इंजिन तयार झालं. छापील आराखड्याशेजारी ठेवून पाहिलं. हुबेहूब. फोटो काढले, ओळखीच्या सगळ्यांना पाठवले. शाळेच्या पडवीत लाकडी फळ्यांवर गोल रूळ मांडले. पाणी भरलं, तेल घातलं, शेगडी पेटवली. सात-आठ मिनिटांनी शिट्टी वाजली. मुलांनी आरोळी ठोकली. इंजिन निघालं, सरळ रुळावर छान गेलं, आणि पहिल्याच वळणावर पुढची चाकं रुळावर चढून बाजूला उतरली.

परत ठेवलं. परत उतरलं. मोकळीक वाढवली, कमी केली. वळण मोठं केलं. पुढची चाकं घसरायची, जोर लागायचाच नाही. तीन दिवस हेच. हुबेहूब दिसणारं इंजिन आणि चालायचं नाव नाही.

चौथ्या दिवशी शाळेसमोरून जाणारे एक वयस्क शेतकरी पडवीच्या कडेला टेकले. जन्म बैलगाडीवर गेलेला. त्यांनी दोन फेऱ्या बघितल्या आणि म्हणाले, “सर, गाडी उलार झाली न जी. समोर वजन टाका.”

शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवं. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी मागे कलते, जू वर उठतं, बैलांच्या गळ्याला पट्टा आवळतो आणि खुरांना जमिनीवर जोर मिळत नाही. याला गाडी उलार होणं म्हणतात. उलट पुढे जास्त भरलं तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. चांगला गाडीवान कापसाचं बोचकं एक वीत मागे-पुढे सरकवतो आणि जू दोन बोटांनी उचलून बघतो. झालं, माप मिळालं.

आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आम्ही चौथा आस बसवला होता, पण त्याला भार दिलाच नव्हता!

सराफांनी काटा आणला. एकेक आस काट्यावर ठेवायचा, बाकीचे तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यांवर. आकडे असे आले: पुढून २१० ग्रॅम, ६४०, ९३०, ११९०, आणि मागचे दोन ६९० आणि ६६०. एकूण ४,३२० ग्रॅम. तुम्हीच बघा. चौथा आस मरतो आहे आणि पहिला नुसता मिरवतो आहे.

आता एक हिशेब. तीस टनांच्या आतलं खरं इंजिन एकोणीस पट लहान केलं तर वजन एकोणीस पट कमी होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून कमी होतं, म्हणजे एकोणीसचा घन, ६,८५९ पट. तीस टनांना त्याने भागलं की साधारण ४ किलो ४०० ग्रॅम. आमचं इंजिन ४,३२०. म्हणजे एकूण वजन बरोबरच होतं. चूक होती ती वाटणीत.

मूळ इंजिनात मागच्या भागात शिशाच्या वड्या होत्या. त्या काढून पुढे, पाण्याच्या टाक्यांच्या टोकाला बसवल्या. स्प्रिंगा बदलल्या. परत काटा. परत बदल. आठवडाभराने आकडे आले: ६९०, ७३०, ७५०, ७४०, ७००, ७१०. बेरीज तीच, ४,३२०. एक ग्रॅमही वाढवला नाही. फक्त भार सारखा वाटला.

त्या संध्याकाळी इंजिनाने पडवीत चाळीस फेऱ्या मारल्या, पाणी संपेपर्यंत. एकदाही उतरलं नाही.

नागसेनाचा रथ

आता थोडं आमच्या विषयातलं. छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयाचं नाव आपण ऐकलं आहे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये उभं केलेलं, नागसेनवनातलं. ही दोन्ही नावं ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातली. राजा मिलिंद म्हणजे ग्रीक मिनँडर, आणि भिक्षू नागसेन. राजा रथात बसून आला होता. नागसेनाने विचारलं, रथ म्हणजे काय? आस रथ आहे का? चाकं? जू? लगाम? प्रत्येकाला राजा नाही म्हणत गेला. मग हे सगळं सोडून वेगळा रथ कुठे आहे? तोही दाखवता येईना. नागसेनाचं म्हणणं, रथ हे या भागांच्या आधाराने ठरलेलं नाव आहे.

न्यायदर्शनाचे लोक हे मानत नाहीत. त्यांच्या मते अवयव वेगळे आणि अवयवी वेगळा. भाग एकत्र आले की नवीन, एकसंध वस्तू जन्माला येते. दोन हजार वर्षं हा वाद चालला आहे. वर्गात आम्ही तो खडूने शिकवला. तेव्हा पडवीत बसून आमच्याच पुढ्यात तो उभा राहिला होता. या इंजिनाचा बॉयलर इंग्लंडच्या नमुन्याचा, चौकट आर्वीच्या लेथवरची, शिसं जागा बदललेलं, रूळ पाच मिलिमीटर खोटे. मग याला बार्शीचं इंजिन म्हणायचं कशाच्या बळावर?

पहिल्या फोटोतलं इंजिन बार्शीच्या इंजिनासारखं दिसत होतं, त्याहून अधिक काही नाही. कॅलथ्रॉपच्या इंजिनाचं व्यवच्छेदक लक्षण, म्हणजे जे काढलं तर ते तेच राहत नाही असं लक्षण, आठ चाकं हे नाही, चिमणीचा आकार हे नाही. कोणत्याही आसावर मर्यादेबाहेर भार नाही, हे आहे. ते लक्षण आम्ही सगळ्यात शेवटी आणलं, आणि ते येईपर्यंत आमच्याकडे फक्त सोंग होतं. हुबेहूब असूनही सोंग. इतिहासलेखनातही हेच होतं. पोशाख, तारखा, नावं सगळी बरोबर असतात आणि भार कोणाच्या माथ्यावर होता, तेवढंच राहून जातं.

वाक्य मागे घेताना

तर आता ते वाक्य. ‘इंग्लंडचे उतरलेले कपडे.’ बार्शीपुरतं ते सपशेल चुकीचं आहे. अडीच फुटी, समान भाराची रेल्वे आधी कुर्डुवाडी ते बार्शी धावली, १८९७ मध्ये. सात वर्षांनी तोच इंजिनिअर, तोच कारखाना आणि तेच माप इंग्लंडच्या दरीत गेलं. म्हणून आम्ही ते मागे घेतो.

पण सावध. चूक दुरुस्त करताना माणूस दुसऱ्या टोकाला धावतो. आमचंही तसं झालं. इंजिन चाललं त्या उत्साहात आम्ही मुलांना म्हणालो, “म्हणजे बघा, इंग्लंडला रेल्वे बार्शीने शिकवली!” त्यावर नववीतली ती मुलगी शांतपणे म्हणाली, “सर, इंजिनिअर इंग्लंडचा, कारखाना इंग्लंडचा, कंपनी इंग्लंडची. मग बार्शीचं त्यात काय होतं?”

याहून चांगला प्रश्न आम्हाला अख्ख्या नोकरीत कोणी विचारला नाही. उत्तर द्यायला आठ दिवस मागून घेतले.

बार्शीचा होता प्रश्न. इंग्लंडमध्ये मोठ्या रेल्वेचं जाळं दाट होतं. इतक्या कमी पैशात इतका जड माल नेण्याची अडचण तिथे कोणाला इतकी टोचत नव्हती. ती टोचत होती इथे. मोठी लाइन लांब गेलेली पेठ, कापसाचे ढीग, पावसाळ्यात चिखलात आखापर्यंत रुतणाऱ्या गाड्या आणि महागड्या रुळांना न परवडणारा मुलूख. इथल्या अडचणीने तो उपाय मागितला. उत्तर देणारा परका असला तरी प्रश्नाची मालकी बदलत नाही. शिवाय माती टाकणारे हात इथले, इंजिनात कोळसा लोटणारे इथले, भाडं भरणारे इथले. नफ्याचा वाटा मात्र लंडनच्या भागधारकांकडे गेला. आसांवरचा भार कॅलथ्रॉपने सारखा वाटला. नफ्यातोट्याचा भार वाटण्याचं काम त्याच्याकडे नव्हतं, आणि ते कोणी केलंही नाही. आपल्या आर्वीच्या लाइनची गोष्ट याहून वेगळी नाही. कापूस गेला, गाठी गेल्या आणि शेवटी गाडीही गेली. १९४२ मध्ये आष्टी का पेटली, याची अनेक उत्तरं आहेत. त्यातलं एक या भाराच्या हिशेबातही सापडतं, असं आम्हाला वाटतं.

हे उत्तर आम्ही त्या मुलीला दिलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ते आजोबा? त्यांना कोणी शिकवलं होतं?”

ते वयस्क शेतकरी आज समोर बसले आहेत. नाव घ्यायला त्यांनी मनाई केली आहे. त्यांनी कॅलथ्रॉप हे नाव आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. पण कॅलथ्रॉपला जे आकड्यांत मांडावं लागलं, ते यांच्या दोन बोटांना ठाऊक होतं. कॅलथ्रॉपने ते बैलगाडीकडून घेतलं असं आम्ही म्हणणार नाही. तसा पुरावा नाही, आणि एक वाक्य मागे घ्यायला आलेल्या माणसाने दुसरं तसलंच सोडून जाऊ नये. एवढंच म्हणतो, की जे ज्ञान आम्ही आराखड्यात शोधत होतो, ते पडवीच्या कडेला टेकून बसलं होतं, आणि आम्ही तीन दिवस त्याच्याकडे पाठ करून होतो.

पाटी

शेवटचा वाद पाटीचा झाला. इंजिन आता शाळेत राहणार. त्याच्याखाली काय लिहायचं? मुलांचं म्हणणं, ‘बार्शीचं इंजिन’ एवढंच लिहा, झोकात दिसेल. लेथवाले म्हणाले, ‘आष्टीचं इंजिन’ लिहा, घाम आपला आहे. दोघांचंही अर्धं बरोबर होतं. दोन बैठका आणि बराच चहा खर्ची पडल्यावर जे ठरलं, ते या पाटीवर आहे. वाचून दाखवतो:

‘बार्शी लाइट रेल्वे, अ वर्ग, ०-८-४, यांचा नमुना. लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेच्या इंजिनाच्या प्रतिकृतीत बदल करून आष्टी येथे तयार केला. बॉयलर मूळ प्रतिकृतीचा. रूळ प्रमाणापेक्षा पाच मिलिमीटर रुंद. सहाही आसांवर भार जवळपास सारखा.’

आणि ‘ई. आर. कॅलथ्रॉप’ ही जुनी पितळी पाटी आम्ही इंजिनाच्या पोटाखाली, आतल्या बाजूने बसवली आहे. दिसत नाही, पण उलटं केलं तर सापडते. उद्या कोणाला आमचं काम तपासायचं झालं, तर त्याला वाट सापडायला हवी.

इथे थांबतो. आता मुलांनी पुढे यायला हरकत नाही. पाणी भरलेलं आहे, शेगडी पेटवायची राहिली आहे. ती त्या आजोबांनी पेटवावी, अशी आमची विनंती आहे.